थंडी आली, गिझर बोलायला लागले : घरदुरुस्तीचे तुमचे प्रश्न

दिवाळी झाली की इंदूरात दोन गोष्टी नक्की होतात, सराफ्यात गराडू (एक कंद) तळायला लागतात आणि माझ्याकडे गिझरची पत्रं यायला लागतात. या वेळी तर निम्मी पत्रं गिझरचीच आहेत. नवीन वाचकांसाठी सांगतो, मी इंजिनियर नाही, सियागंजात सॅनिटरीच्या दुकानात काउंटरवर उभं आयुष्य गेलं. लोक तुटलेला पार्ट रुमालात बांधून आणायचे आणि म्हणायचे अस्साच द्या, आणि मी विचारायचो की देतो, पण हा गेला कशाने? त्यावर लोक वैतागायचे. पण सहा महिन्यांनी तेच गिऱ्हाईक तोच पार्ट घ्यायला परत यायचं, म्हणून विचारत राहिलो.

काका, आमच्या गिझरमधून दोन आठवड्यांपासून खडखड आणि मग तडतड आवाज येतोय, जशी कढईत मोहरी फुटते. १५ लिटरचा आहे, पाच वर्षं झाली. पाणी पण आधीसारखं पुरत नाही, एक बादली झाली की कोमट. वापरायला बोरिंगचं पाणी आहे, नर्मदेचं एक दिवसाआड येतं ते पिण्याला ठेवतो. मेकॅनिक म्हणतो नवीनच घ्या. घेऊ का? (एक गृहिणी, सुदामा नगर)

ताई, एवढ्यात घेऊ नका. तुमचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे, बोरिंग. आपल्या माळव्याच्या दगडातून येणारं पाणी जड, त्यात क्षार खूप, आणि पाणी तापलं की ते क्षार पांढरे होऊन एलिमेंटवर चिकटतात. तव्यावर जळकट थर बसतो ना, तसंच. त्या थराखाली थोडं पाणी अडकतं, तिथल्या तिथे उकळतं, वाफेचा बुडबुडा होतो आणि फुटतो, तीच तुमची मोहरी. थर जाड झाला की एलिमेंटची गरमी पाण्यात नीट उतरत नाही, एलिमेंट स्वतःच तापत बसतं, शेजारच्या थर्मोस्टॅटला वाटतं पाणी तापलं आणि तो आधीच बंद होतो. शिवाय टाकीच्या तळाशी खडीसारखा गाळ जमतो, तो जागा खातो ती वेगळीच.

आधी एक हिशोब करून बघा. १५ लिटर, २००० वॉटचा गिझर, थंडीतलं पाणी १५ डिग्रीचं धरलं तर ६० पर्यंत जायला साधारण २३-२४ मिनिटं लागतात, म्हणजे पाऊण युनिट वीज. घड्याळ लावून बघा. दिवा १०-१२ मिनिटांतच बंद होत असेल आणि पाणी कोमटच असेल तर थर किंवा थर्मोस्टॅट. अर्धा तास किंवा जास्त लागत असेल तर आधी व्होल्टेज बघा, कारण २३० च्या जागी २०० व्होल्ट येत असले तर तोच २००० वॉटचा गिझर १५०० वॉटच देतो. सकाळी सगळ्या कॉलनीचे गिझर सोबत लागतात तेव्हा हे होतं, आणि लोक बिचाऱ्या गिझरला शिव्या देतात.

आता मेकॅनिकला सांगा की खोल आणि साफ कर. एमसीबी, म्हणजे बोर्डातला मुख्य खटका, पाडून (नुसतं बटण बंद करून नाही, एमसीबीच), खालचा अँगल कॉक (गिझरला पाणी देणारा छोटा नळ) बंद करून, गरम पाण्याची टोटी उघडी ठेवून टाकी रिकामी करायची, मग तळाची प्लेट खोलायची. एलिमेंटवरचा थर स्क्रू ड्रायव्हरने ठोकून काढू देऊ नका, नळीला चीर गेली की करंट थेट पाण्यात. सायट्रिक ॲसिड, किराण्यात निंबूफूल म्हणून मिळतं ते, गरम पाण्यात कालवून एलिमेंटचा फक्त नळीचा भाग त्यात तासभर बुडवून ठेवा, वायर लावायची टोकं कोरडी राहिली पाहिजेत. संडास धुवायचं तेजाब वापरू नका, ते थराबरोबर धातू पण खातं.

आणि ताई, आता ती गोष्ट जी मेकॅनिक स्वतःहून बहुतेक सांगत नाही. त्याच प्लेटवर एक सळई असते, मॅग्नेशियमची, तिला अ‍ॅनोड म्हणतात. तिचं कामच मुळी झिजायचं. पाण्याला गंजवायला काहीतरी लागतं, तर टाकीच्या ऐवजी ही सळई स्वतःला गंजवून घेते. जड पाण्यात ती वर्ष-दोन वर्षांत पेन्सिलीएवढी होते, मग आतली तार दिसायला लागते, आणि त्यानंतर पाणी टाकीला हात घालतं. तुमची सळई पाच वर्षांत कोणी बघितलेली नसणार. बदला, स्वस्त आहे, आणि प्लेटचं रबर गॅस्केट पण नवंच टाका, जुनं परत बसवलं की हमखास टपकतं.

नवीन कधी घ्यायचा, तर टाकीच स्वतः फुटली असेल तेव्हा, म्हणजे पाणी जोडातून नाही तर गिझरच्या कव्हरच्या आतून येत असेल तेव्हा. त्याला इलाज नाही. थर्मोस्टॅट ६० च्या वर ठेवू नका, जितकं जास्त तापवाल तितका थर लवकर. आणि जमत असेल तर गिझरला नर्मदेचं पाणी द्या. १९७८ मधे नर्मदा इंदूरला आली, तिकडे नर्मदाकाठच्या जलूदहून विंध्य चढवून सत्तर किलोमीटर आणतात हे पाणी, आणि आपण त्याने गाड्या धुतो.

गिझरच्या खालच्या छोट्या व्हॉल्व्हमधून पाणी गरम होताना थेंब थेंब पडतं. प्लंबर म्हणाला बूच मारून देतो. मारू का? (तिलक नगर)

नाही! नाही म्हणजे नाही. पाणी तापलं की फुगतं, १५ लिटर पाणी २० पासून ६० डिग्रीला गेलं की जवळजवळ पाव लिटर वाढतं, ते जाणार कुठे? मागे जायला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह अडवतो, पुढे टोटी बंद, मग तो छोटा व्हॉल्व्ह त्याला वाट देतो. थेंब पडणं म्हणजे तो जिवंत आहे याचा पुरावा. त्याला एक पातळ नळी लावून नहाणीच्या जाळीपर्यंत सोडा आणि विसरून जा. हो, गिझर बंद आणि गार असताना पण धार लागत असेल तर मात्र व्हॉल्व्हमधे कचरा आहे किंवा वरून प्रेशर जास्त आहे. टाकी जितकी उंच तितकं प्रेशर, दहा मीटरला साधारण एक बार. बूच मारणाऱ्या प्लंबरला पुन्हा बोलवू नका.

काका, लग्न होऊन नवीन भाड्याच्या फ्लॅटमधे आलोय. बाथरूममधे आधीपासून गॅसचा गिझर लागलेला आहे, छोटी खिडकी आहे पण थंडीमुळे बंद ठेवतो. गॅसचा वास कधीच येत नाही, तरी बायकोला आंघोळीनंतर डोकं दुखतं आणि मळमळतं. (विजय नगर)

बाबा, हे वाचतोयस त्या दिवसापासून तो गिझर बंद कर. उद्यापासून नाही, आजपासून.

गॅस पूर्ण जळायला भरपूर हवा लागते. बंद बाथरूममधे ती पाच-सात मिनिटांत कमी पडायला लागते आणि मग कार्बन मोनॉक्साइड बनतो, त्याला रंग नाही, वास नाही. तू म्हणतोस वास येत नाही, पण सिलिंडरच्या गॅसला जो वास असतो तो गळती कळावी म्हणून मुद्दाम घातलेला असतो, जळल्यावर तो उरतच नाही. म्हणून वास नसणं याचा काही अर्थ नाही. डोकं दुखणं, मळमळ, पाय लटपटणं हीच त्याची खूण आहे, आणि यापुढची पायरी म्हणजे माणूस दार उघडण्याच्या आधीच खाली पडतो. दर थंडीत पेपरात अशा बातम्या येतातच.

एक्झॉस्ट फॅन लावून चालेल का असं विचारशील, तर नाही चालणार, फॅनवर जीव टांगू नको. गॅस गिझर बाहेर पाहिजे, बाल्कनीत किंवा डक्टच्या उघड्या भिंतीवर, आणि तिथून गरम पाण्याचा पाइप आत. तो पाइप सीपीव्हीसीचा घे, साधा पीव्हीसी गरम पाण्याने मऊ पडतो. घरमालक नाही म्हणाला तर बादलीत पाणी स्वयंपाकघरात गरम करून ने, आपण सगळे तसेच वाढलोय. आणि वहिनींना एकदा डॉक्टरला दाखव, काय झालं ते नीट सांगून.

रामबागेत आमचं जुनं दुमजली घर आहे. खालच्या खोलीच्या भिंतीला ओल येते, रंगाचे पापुद्रे पडतात, दोनदा वॉटरप्रूफ पेंट मारला तरी तेच. वरती त्याच्या बाजूला बाथरूम आहे. एक जण म्हणतो पाइप फुटलाय, सगळी भिंत फोडावी लागेल. (एक वाचक)

ओल म्हणा किंवा आपण इंदूरवाले मराठीत पण म्हणतो तशी सीलन, तिचा एक नियम आहे, पाणी जिथे दिसतं तिथून ते क्वचितच आलेलं असतं. स्लॅबमधे सळईच्या कडेकडेने पाणी सहा-सात फूट लांब जाऊन मग टपकतं. म्हणून भिंत फोडायच्या आधी तपासून घ्या, तपासायला पैसे लागत नाहीत, दोन-तीन रात्री लागतात.

पहिली रात्र : सगळ्यांनी झोपायच्या आधी वरच्या टंकीत पाणी कुठपर्यंत आहे तिथे खडूने खूण करा, मोटर बंद, नळ बंद, फ्लशच्या टाकीचा कॉक पण बंद. सकाळी कोणी टोटी उघडायच्या आधी बघा. पातळी उतरली असेल तर पाइप गळतोय, कारण पाइपात चोवीस तास पाणी भरलेलं असतं. मग तो गरम पाण्याचा आहे की थंड पाण्याचा ते बघायला दुसऱ्या रात्री गिझरचा अँगल कॉक बंद करून पुन्हा तेच करा.

पातळी तिथेच असेल तर पाइप निर्दोष. मग बाथरूमची जमीन. नहाणीच्या जाळीत प्लॅस्टिकमधे गुंडाळलेलं फडकं घट्ट कोंबा, एक इंच पाणी भरा आणि चोवीस तास तसंच राहू द्या. खाली ओल वाढली तर दोष टाइल्सच्या सांध्यात किंवा नहाणी ट्रॅपच्या (जाळीखालचं, पाणी अडवून ठेवणारं भांडं) भोवतीच्या जोडात आहे. माझा अनुभव विचाराल तर जुन्या घरात दहात सात वेळा हेच निघतं, ट्रॅपच्या कडेचं सिमेंट सुटलेलं असतं. ते दोन टाइल्स उचलून दुरुस्त होतं, भिंत फोडावी लागत नाही. टाइल्सचे सांधे खरवडून इपॉक्सी भरा, पांढरं सिमेंट वर्षभर पण टिकत नाही.

आणि ओल फक्त जमिनीपासून हात-दोन हात उंच असेल आणि पावसाळ्यात वाढत असेल तर वरच्या बाथरूमचा काही संबंधच नाही. ती आपल्या काळ्या मातीची करामत. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणजे वर्षातून एकदा घराबाहेरच्या पाइपाला वर ढकलते आणि एकदा खाली सोडते. भिंतीतून पाइप बाहेर येऊन चेंबरला जिथे मिळतो तो जोड त्यात सुटतो आणि मग वापरलेलं पाणी घराच्या पायात मुरत राहतं. चेंबरचं झाकण उघडा, वरून एक बादली रंगीत पाणी सोडा, बादलीतलं सगळं पाणी चेंबरमधे पोहोचतंय का बघा. पेंट मात्र आता तिसऱ्यांदा मारू नका, आतलं पाणी बंद झाल्यावर भिंत पूर्ण वाळायला दोन-तीन महिने द्या, मगच.

मोटर चालते, आवाज नेहमीसारखा, पण हौदातलं पाणी वर टंकीत चढत नाही. आठ दिवस गावाला गेलो होतो तेव्हापासून. (लोकमान्य नगर)

हवा धरली. पाइपातलं पाणी उतरून गेलं आणि मोटर आता नुसती हवा फिरवतेय. वरचा बूच खोलून मगाने पाणी भरा, बुडबुडे थांबेपर्यंत, बूच लावा, चालू करा. चढलं तर ठीक. पण पुन्हा दोन दिवसांनी तेच झालं तर दोष हौदातल्या पाइपाच्या तळाच्या फूट व्हॉल्व्हमधे आहे, त्याच्या झडपेत गाळ किंवा खडा अडकतो आणि पाणी थांबत नाही. बाहेर काढून ब्रशने धुवा. कोरडी मोटर चालवत बसू नका, सील जळतं आणि मग खर्च वाढतो. गुणगुण आवाज येऊन फिरतच नसेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा बहुतेक कंडेन्सर गेलेला असतो.

जाता जाता, याच वाचकांनी विचारलंय की नळाच्या लाइनीला डायरेक्ट मोटर लावली तर? लावू नका भिया. नियमात तर बसत नाहीच, पण लाइनीत पाणी कमी असताना मोटर ओढते तेव्हा पाइपाच्या फुटक्या जोडातून बाहेरचं घाण पाणी आत खेचलं जातं, तुमच्याकडे आणि शेजाऱ्याकडे पण. हौदात येऊ द्या, हौदातून चढवा.

फ्लशची टाकी रात्रभर हळूच वाजते, पण कमोडमधे पाणी वाहताना दिसत नाही. (साउथ तुकोगंज)

टाकीत खायचा रंग टाका आणि अर्धा तास कोणी फ्लश करू नका. कमोडमधे रंग उतरला आणि टाकीतलं पाणी मधल्या नळीच्या तोंडाखालीच असेल तर खालचं रबराचं सील गेलंय, घरच्या घरी बदलता येतं. पाणी त्या नळीवरून सांडत असेल तर फ्लोट थोडा खाली करा. रंगपंचमीच्या गेरचा (मिरवणुकीचा) उरलेला रंग मात्र टाकू नका, एका गिऱ्हाइकाने टाकला होता, कमोड शेवटपर्यंत गुलाबी राहिला.

थंडीत किचनचं सिंक तुंबतं, उन्हाळ्यात नीट असतं. (पलसीकर कॉलनी)

तूप आणि डालडा. थंडीत पाइपात थिजतं. कढई-ताटं आधी कागदाने पुसा मग धुवा, सिंकखालचा बॉटल ट्रॅप हाताने खोला (खाली बादली ठेवून), धुवा, लावा. पावडरी ओतत बसू नका.

छतावर सोलर आहे, ट्यूबवाला. मागच्या महिन्यात दुपारी टंकी भरली आणि दोन ट्यूब तडकल्या. कंपनीचा दोष का? (एक वाचक, अन्नपूर्णा रोड)

या वेळी नाही. टंकी रिकामी राहिली, उन्हात कोरड्या ट्यूब भयंकर तापल्या आणि त्यात तुम्ही गार पाणी सोडलं, काच तडकणारच. सोलर रिकामा झाला असेल तर भल्या पहाटे नाहीतर सूर्य मावळल्यावर भरा. ट्यूब वर्षातून दोनदा ओल्या फडक्याने पुसा, आपल्याकडे धूळ काय कमी आहे का. आणि वरची हवेची नळी उघडी आहे ना तेही बघा, कबुतरं त्यात काड्या भरतात.

आम्ही दोघं मुलाकडे पुण्याला दोन महिने जातोय. घर बंद राहील. पाण्याचं काय काय करून जावं? (एक आजोबा, नारायण बाग)

तुमच्यासारखी पत्रं दर थंडीत येतात, निम्मं मराठी इंदूर पुण्याला नातवंडं सांभाळायला जातं आणि परत येतं तेव्हा घरात झुरळं आणि वास.

आधी माझी फजिती ऐका. मुलीच्या साखरपुड्याच्या दिवशी सकाळी आमच्या वॉश बेसिनचा जोडपाइप फुटला, मी धावत मेन व्हॉल्व्ह बंद करायला गेलो आणि तो फिरेचना. पंधरा वर्षं लोकांना व्हॉल्व्ह विकले आणि स्वतःचा कधी हात लावून बघितला नव्हता, क्षारांनी जाम. शेवटी छतावर टंकीच्या भोकात कापडाचा बोळा कोंबून मेहुणा उभा राहिला, नवीन सदरा घालून. तेव्हापासून वर्षातून दोनदा, गुढीपाडव्याला आणि दसऱ्याला, मी घरातला प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा पूर्ण बंद करून पूर्ण उघडतो. तुम्ही आत्ता जाण्याच्या आठ दिवस आधी हे करून बघा, म्हणजे एखादा जाम असला तर बदलायला वेळ मिळेल.

जाताना टंकीखालचा मेन व्हॉल्व्ह बंद. त्याहून महत्त्वाचं, नर्मदेची लाइन हौदात येते तिथला व्हॉल्व्ह पण बंद, कारण हौदाचा बॉल कॉक अडकला तर एक दिवसाआड पाणी येत राहील, हौद भरून रस्त्यावर वाहील आणि तुम्हाला पुण्यात फोन येतील. गिझर आणि मोटर दोन्हींचे एमसीबी खाली.

मग नहाणी, सिंक, बेसिन, सगळ्यांच्या ट्रॅपमधलं पाणी. ते पाणीच गटाराचा वास आणि झुरळं अडवतं, आणि दीड-दोन महिन्यांत ते उडून जातं. म्हणून निघायच्या दिवशी प्रत्येक जाळीत एक तांब्या पाणी ओता आणि वर एक मोठा चमचा गोडेतेल सोडा, तेल वर तरंगतं आणि पाणी उडू देत नाही. कमोडचं झाकण खाली.

परत आल्यावर गिझर लगेच लावू नका. आधी गरम पाण्याची टोटी उघडून दोन महिन्यांचं शिळं पाणी बादलीभर जाऊ द्या, धार सलग आली, मधे हवा फसफसली नाही, म्हणजे टाकी भरलेली आहे, मगच एमसीबी वर. चावी शेजारी देणार असाल तर त्यांना व्हॉल्व्ह दाखवून ठेवा, कुठला नळाचा आणि कुठला टंकीचा. मी आमच्याकडे भिंतीवर ऑइल पेंटने लिहून ठेवलंय, बायकोला ते अजिबात आवडत नाही.